चायनीज नव्हे हो, मँडरिन!

आमच्या सोसायटीतले दुरुस्तीकाका नळ दुरुस्त करत नाहीत, माणसं करतात. तिसऱ्या मजल्यावरची मुलगी लिफ्टमध्ये सहज बोलून गेली, "काका, मी चायनीज शिकतेय." काकांनी चष्मा कपाळावर चढवला, लिफ्टचं दार पायाने अडवलं आणि म्हणाले, "चायनीज नव्हे हो, मँडरिन! आपण इंडियन बोलतो का? मराठीच ना? मग?"

दाखला बिनतोड वाटतो. लिफ्टची वाट बघत खाली उभ्या असलेल्यांना जरा कमी वाटतो.

काकांचा भोसरीत बाटल्यांची बुचं बनवायचा कारखाना. मोल्डच्या शोधात ते एकदा ग्वांगझोच्या कँटन फेअरला जाऊन आले आणि चीनचा सातबारा त्यांच्या नावावर झाला. त्या वारीत मीही होतो, हे ते सहसा सांगत नाहीत. त्यांचं बरोबरच आहे.

जाण्याआधी काकांनी मोबाइलवर मँडरिन घोटली होती. ग्वांगझोच्या मेट्रोत स्टेशनांची नावं आधी मँडरिनमध्ये, मग तिथल्या कँटोनीजमध्ये, मग इंग्रजीत सांगतात. काका दोन दिवस म्हणत होते, "बाई अडखळते बिचारी, दोनदा सांगावं लागतं."

तिसऱ्या दिवशी जुन्या बाजारात एक आजीबाई संत्र्याच्या वाळवलेल्या साली विकत बसल्या होत्या. तिकडे साल जितकी जुनी तितकी महाग; आपल्याकडे लोणच्यालासुद्धा एवढा मान नाही. काकांनी ऐटीत विचारलं, "दुओशाओ छियेन?" केवढ्याला? आजींनी सुनेकडे पाहिलं, दोघी आपसात काही बोलल्या. त्यातलं अक्षर कळेल तर शपथ. मँडरिनमध्ये सूर चार, कँटोनीजमध्ये सहा. काकांचा बहुधा सातवा लागला होता. शेवटी सुनेने कॅल्क्युलेटर पुढे केला. पैसे घेताना आजी हसून "दो जे" म्हणाल्या, म्हणजे आभार. काकांनी "शिये शिये" म्हटलं, म्हणजे तेच. पुढच्या वळणावर काका मला हळूच म्हणाले, "म्हातारीला चायनीज धड येत नाही."

चायनीज म्हणाले हो! मी तारीख लिहून ठेवली आहे.

आणि त्यात चूक तरी काय होती? बोलायला बसले तर ग्वांगझोचा आणि बीजिंगचा माणूस एकमेकांना पत्ता लागू देणार नाहीत, पण कागदावर लिहून दाखवलं की बरंचसं जुळतं. या लिहिण्या-वाचण्याच्या भाषेला तेही झोंगवन, म्हणजे चिनीच, म्हणतात. 'इंडियन' लिहिताना मी अजून कोणाला पाहिलेलं नाही. आपल्या कोपऱ्यावरच्या चायनीजच्या गाडीवरच बघा ना: नूडल्समधली हक्का ही मँडरिनहून वेगळी चिनी बोली, मंचुरियनमधली मांचू तर चिनी कुळातलीच नव्हे. मँडरिन शोधायचीच झाली तर शेजवान चटणीत शोधा. शेजवान म्हणजे सिच्वान, आणि तिथे तिचाच एक प्रकार बोलतात.

एका संध्याकाळी राहवेना, तेव्हा मी काकांना म्हटलं, "मँडरिन हा शब्द चिनी नाहीच. आपला 'मंत्री' मलयात गेला, तिथून पोर्तुगीजांनी उचलला आणि चिनी दरबारच्या अधिकाऱ्यांना चिकटवला. वेगवेगळ्या प्रांतांतले हे अधिकारी आपसात जे बोलत ते ग्वानह्वा, अधिकाऱ्यांची भाषा. परक्यांनी तिलाही मँडरिन करून टाकलं. आता बीजिंगचा उच्चार प्रमाण धरून जी शिकवतात, १९५६ पासून सरकारी हुकमाने, ती पुतोंगह्वा, सर्वसाधारण बोली. तैवानात तिला ग्वोयू म्हणतात, सिंगापुरात ह्वायू."

काका गप्प. चष्मा कपाळावरून नाकावर आला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच मला त्यांची दया आली.

ती टिकली एक रात्र. सकाळी लिफ्टमध्ये तीच मुलगी शहाणी होऊन म्हणाली, "काका, आज माझी मँडरिनची परीक्षा आहे." काकांचा पाय दारात गेलाच. "मँडरिन नव्हे हो, मंत्री! मूळ शब्द आपला. ते सगळं इथूनच गेलंय!"

मागे काकू पिशवी घेऊन उभ्या होत्या. "कसला मंत्री? परवा तुम्ही मॉलमधून ती पेटी आणलीत, तिच्यावर एवढं मोठं मँडरिन लिहिलंय. आत संत्री निघाली. पाय काढा, मला भाजी आणायचीय."