छज्ज्यावरच्या पिंपळाचे वारसा समितीस अनावृत पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष व सर्व सदस्य,
पुरातन वारसा जतन समिती, मुंबई.

विषय : आभारप्रदर्शन, तसेच 'जैसे थे' परिस्थिती कायम ठेवण्याबाबत.

स.न.वि.वि.

मी फोर्टातल्या एका घडीव दगडी इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर, छज्ज्यावर राहणारा पिंपळ. भाडं भरत नाही, पागडी दिलेली नाही, तरी आजवर मला बेदखलीची नोटीस आली नाही. कावळ्यानं इथं आणून टाकलं, पावसाळी पाण्याच्या फुटक्या नळानं पाजलं, आणि पुढचं सगळं आपल्या कृपेनं झालं.

१९९५ साली मुंबईत वारसा नियमावली आली, तेव्हा आमच्या भाऊबंदांत म्हणे मोठीच घबराट उडाली होती. शहरानं आपल्या जुन्या वास्तूंची यादी करावी, त्यांना श्रेण्या द्याव्यात आणि कायद्याचं कवच चढवावं, हे देशात पहिल्यांदाच होत होतं. आता गवंडी येणार, परांच्या बांधणार, आपली मुळं उपटणार! पण नियम वाचले आणि जीव भांड्यात पडला. मालकाला पाडायचं असेल, वाढवायचं असेल, दर्शनी भागात फेरफार करायचा असेल, तर त्यानं परवानगी मागायची. आपण सल्ला द्यायचा, आयुक्तांनी निर्णय घ्यायचा. मालकाला मात्र काहीच करायचं नसेल, तर त्याला कुणाचाही उंबरठा झिजवावा लागत नाही. काही न करण्यासाठी ना हरकत प्रमाणपत्र लागत नाही. मी वाढतो तो याच मोकळ्या जागेत.

आमची इमारत 'टू-बी' श्रेणीतली. म्हणजे काय, ते तळमजल्यावरच्या झेरॉक्सवाल्याला ठाऊक नाही आणि तिसऱ्या मजल्यावरच्या वकीलसाहेबांना नको इतकं ठाऊक आहे. मालकाचं दुःख वेगळंच. १९४७च्या भाडे कायद्यानं भाडी १९४०च्या पातळीवर गोठवली, आणि नंतर जी वाढ मिळाली ती इतकी बेताची की महिन्याच्या सगळ्या भाड्यात कोरीव कामाचा एक दगडही नव्यानं बसवता येऊ नये. टीडीआरची, म्हणजे हस्तांतरणीय विकास हक्काची, तरतूद आहे खरी, पण ती पदरात पाडून घ्यायची तर मालकाला माझ्याइतकं आयुष्य हवं. डागडुजी परवडत नाही, पाडू तुम्ही देत नाही. तेव्हा तो गेली कित्येक वर्षं माझ्याकडे बघतो. त्या नजरेत राग नसतो. अपेक्षा असते.

मी ती पूर्ण करतो आहेच. मागे एका उन्हाळ्यात कुणीतरी माझा शेंडा छाटला आणि माझ्या बुंध्याभोवती सिमेंट थापून गेला. त्याला माझा नमस्कार सांगावा. शेंडा छाटला की मी बाजूनं दोन फुटवे काढतो, आणि मुळाला धक्काही लागत नाही. ही भिंत चुन्याची आहे. चुना ओल शोषतो आणि सोडतो. सिमेंट ती आतच कोंडून ठेवतं. दोन पावसाळ्यांत सिमेंटच्या कडेनं केसाएवढी भेग गेली आणि माझं एक मूळ त्यातून थेट महिरपीच्या मधल्या दगडापर्यंत पोचलं. आपल्या समितीत वास्तुविशारद आहेत, संरचना अभियंते आहेत, शहराचा इतिहास जाणणारी मंडळी आहेत. या भेगेचा इतिहास त्यांना आवडेल.

आमची काशी म्हणजे काळा घोड्याजवळचं वॉटसन हॉटेल, आताचं एस्प्लनेड मॅन्शन. ओतीव लोखंडाचा सांगाडा विलायतेत घडवून इथं आणून जोडलेला. ७ जुलै १८९६ रोजी ल्युमिए बंधूंची हलती चित्रं तिथंच दाखवली गेली. श्रेणी 'टू-ए'. जगभरच्या धोक्यातल्या शंभर वास्तूंच्या यादीतही एकदा नाव लागलं. शिवाय २००५मध्ये गॅलऱ्यांचा काही भाग कोसळला, २०१९मध्ये न्यायालयाच्या आदेशानं भाडेकरूंना बाहेर काढलं, मग पाडावी की वाचवावी यावर तज्ज्ञांचीच जुंपली. यादीत नाव असणं म्हणजे काय, हे ज्याला समजून घ्यायचं असेल त्यानं तिथल्या टेकूंखाली उभं राहून वर बघावं.

भायखळ्याच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयाचं नाव मात्र आम्ही घरात काढत नाही. महापालिकेची मालकी, खासगी प्रतिष्ठानचा पैसा आणि जाणकारांची देखरेख एकत्र आली, आणि २००८ साली ती वास्तू नव्यासारखी उघडली. पुढे राजाबाई टॉवरही तसाच उजळला. असल्या प्रकारांना समितीनं उत्तेजन देऊ नये. नियम, निधी आणि हुशार कारागीर असं त्रिकूट जमलं तर आम्ही जायचं कुठं?

याचा अर्थ समिती बरखास्त व्हावी असं मी म्हणतोय असा कृपया घेऊ नये. आपण नसता, तर फोर्टात एव्हाना काचेचे मनोरे उभे राहिले असते, आणि काचेत मूळ धरत नाही. २०१२मध्ये यादी वाढवून शिवाजी पार्क परिसर तीत घ्यायचं ठरत होतं, तेव्हा तिथल्या रहिवाशांनीच हरकती घेतल्या. आमचा वारसा नको, आमचा पुनर्विकास द्या! मला तर घाम फुटला. मला पाडणारेही नकोत आणि दुरुस्त करणारेही नकोत. मला फक्त संरक्षण हवं, आणि ते आपल्याइतकं चोख कुणी देत नाही.

उद्या एखाद्या उत्साही सदस्यानं मला मुळासकट काढायचा ठराव मांडलाच, तर त्यांना सांगावं की १९७५च्या वृक्ष संरक्षण कायद्यानुसार त्यासाठी वृक्ष प्राधिकरणाकडे जावं लागेल. भिंतीची फाइल आपल्याकडे, माझी त्यांच्याकडे. दोन्ही फायली एकाच टेबलावर यायच्या आधी किमान एक पावसाळा पदरात पडेल. आणि परवानगी आलीच, तरी पिंपळावर कुऱ्हाड घालायला मजूर मिळायला हवा. मुंजाची भीती अजून शिल्लक आहे, एवढा वारसा तरी या शहरानं विनाअनुदान जपला आहे.

शेवटी एक अर्ज. याच वृक्ष कायद्याच्या २०२१च्या दुरुस्तीनं पन्नास वर्षं किंवा त्याहून अधिक वय असलेल्या झाडाला पुरातन वृक्ष मानायचं ठरलं. मी पन्नाशी गाठेन तेव्हा ही भिंत उभी नसेल, त्याची व्यवस्था मी करतो आहे. त्या वेळी मोकळ्या जागेवर मी एकटाच असेन; तरी माझी नोंद श्रेणी एकमध्ये व्हावी, ही विनंती. पाहणीला येताना हेल्मेट घालून यावं.

आपला कृपाभिलाषी,
पिंपळ
मुक्काम : दुसरा मजला, पावसाळी नळाच्या डावीकडे.

प्रत माहितीसाठी : १) वृक्ष प्राधिकरण, २) इमारतीचे मालक (त्यांना कल्पना आहे), ३) मुंजा.