कुत्र्यासाठी कुणी पैसे मागतं का?

"आलीस का गं माहेरहून? अगं, इथं केवढं रामायण झालं! मास्तरांचा टिप्या मरता मरता वाचला."

"टिप्या? दूधवाल्याच्या सायकलमागे धावणारा? काय झालं त्याला, काकू?"

"गोचीड ताप. आधी खाणं टाकलं, तर मास्तरीणबाईंना वाटलं उन्हाळा बाधला. मग नाकातून रक्त यायला लागलं. हिरड्या बघितल्या तर पांढऱ्याफटक. तपासणीत प्लेटलेट्स निघाल्या १८ हजार. कुत्र्याच्या दोन लाखांच्या आसपास तरी हव्यात म्हणे."

"बाई गं! एका गोचिडीनं?"

"ती रक्त पिते ते वेगळंच, चावताना जंतू आत सोडते ना. औषध काही महागाचं नाही. डॉक्सीच्या गोळ्या, आपल्याला देतात त्यातल्याच, महिनाभर घ्यायच्या. पण त्या लागू पडेपर्यंत जीव टिकायला हवा! रक्त चढवा, सलाईन लावा, रोज तपासा, रात्री दवाखान्यात ठेवा. २५ हजार तरी होतील, असं डॉक्टरांनी आधीच सांगून टाकलं."

"परळला न्यायचं ना. बैलघोडा हॉस्पिटलात."

"मीही तेच म्हटलं. दिनशा पेटिटांनी बायकोच्या नावानं काढलेलं ते, धर्मादाय. शेजारी सरकारी कॉलेजही आहे गुराढोरांच्या डॉक्टरांचं, १८८६ सालचं. पैसे कमी लागले असते. पण डोंबिवलीहून परळ म्हणजे काय जवळ आहे? त्यात डॉक्टर म्हणाले, रक्त चढवल्याशिवाय हलवूच नका."

"विमा असतो म्हणे हल्ली कुत्र्यांचासुद्धा."

"असतो की. पण तो धडधाकट असताना काढायचा. आजारी पडल्यावर कोण उभं करतंय? आणि मास्तरांचा बाणा तुला ठाऊक आहे. मुलीच्या लग्नात कुणाकडून उसने घेतले नाहीत. बायको म्हणाली चार लोकांना विचारू, तर तिच्यावरच खेकसले, 'कुत्र्यासाठी कुणी पैसे मागतं का?' शेवटी नातवानं परस्पर ग्रुपवर टाकलं."

"तो मेसेज टिप्यासाठी होता होय? वाचला मी. इंग्रजीत होता, हा एवढा लांब. खाली सलाईन लावलेला फोटो."

"आणि त्याला काय आलं? हात जोडलेले! घराघरातून नुसते नमस्कार. दमडी कुणी दिली नाही."

"मीही हातच जोडले, काकू. पैसे किती हवेत, कुठं पाठवायचे, काही लिहिलंच नव्हतं त्यात."

"तेच सांगतेय. त्यातून हल्ली धास्ती वाटते गं. मागे मला असाच एक फोटो आला होता. आज तो कुत्रा ठाण्याचा, महिन्यानं तोच कुत्रा नागपूरचा! पाठवणाऱ्याचा नंबर तेवढा बदललेला. मग मीच त्या पोराला बसवलं आणि म्हटलं, रडगाणं राहू दे, मराठीत लिही. आजार काय, डॉक्टरांनी किती सांगितले, घरातून किती भरले, किती कमी पडतात. दवाखान्याच्या कागदाचा फोटो लाव आणि पैसे थेट दवाखान्याच्या खात्यात भरायला सांग. आपल्या हातात एक रुपया नको."

"मग आले?"

"संध्याकाळपर्यंत निम्मे! सेक्रेटरींनी आधी नियम काढला, सोसायटीचा फंड जनावरांसाठी नाही म्हणाले. बरोबरच आहे त्यांचं, उद्या कुणी पोपटासाठी मागेल. पण मग खिशातून दोन हजार भरले. कुणाला सांगू नका म्हणाले, म्हणून फक्त तुलाच सांगतेय."

"आणि त्या वरच्या मजल्यावरच्या?"

"त्यांनी विचारलं, एवढ्यात दुसरा नवा कुत्रा नाही का येणार? मी म्हटलं, तुमच्या गुडघ्याच्या वेळी आम्ही असं काही विचारलं नव्हतं. तेव्हापासून जिन्यात भेटल्या की मान वळवतात."

"काकू, तुम्ही पण ना! बरं, रक्ताचं काय झालं?"

"तिथं मास्तर स्वतः दारोदार फिरले, बघ. पैशाला लाज, रक्ताला नाही. मी म्हटलंही त्यांना, रतन टाटांनी नव्हतं का मागितलं? २०२४ सालच्या जूनमध्ये, इन्स्टाग्रामवर. महालक्ष्मीला त्यांच्या ट्रस्टचं प्राण्यांचं हॉस्पिटल झालं ना, तिथं सात महिन्यांचं पिल्लू होतं. त्यालाही गोचीड तापच असावा अशी शंका, अंगात रक्त नाही. एवढं हॉस्पिटल बांधणारा माणूस, पण रक्त कुठून विकत आणणार? साऱ्या मुंबईकडे मागितलं."

"पण कुठल्याही कुत्र्याचं चालतं?"

"छे! वय एक ते आठ, वजन २५ किलोच्या वर, लसी झालेल्या, आणि गेल्या सहा महिन्यांत अंगावर गोचीड-पिसू नको. शेजारच्या गल्लीतला लॅब्रेडॉर तिथंच बाद झाला. मालकीण रडवेली. म्हणे, आमच्या राजाला नापास केलं! शेवटी कामी आला वाण्याचा अल्सेशियन."

"गोदामावरचा? त्याला बघून मी रस्ता बदलते."

"तोच. सुई टोचली तर हूं की चूं नाही, नंतर बिस्किटाचा पुडा मागून घेतलान. रक्तगट त्यांच्यातही असतात, पण पहिल्या खेपेला बहुधा निभावतं. तरी डॉक्टरांनी जुळवून बघितलं. वाणी म्हणाला, पैशाचं बोलाल तर उधारी बंद करीन."

"आता कसा आहे टिप्या?"

"काल दूधवाल्यावर भुंकला. मास्तरीणबाईंनी त्या आनंदात अर्धा लिटर जास्त घेतलं. गोळ्या चालू आहेत, भरल्या पोटी द्यायच्या, नाहीतर उलटी करतो. अजून पाचेक हजार द्यायचेत दवाखान्याचे."

"मला तो खात्याचा नंबर पाठवा. ह्यांना सांगू नका, मी माझे भरते."

"पाठवते. आणि ऐक, गोचिडी नुसत्या कुत्र्यावर नसतात. भिंतीच्या फटीत, झाडोऱ्यात अंडी घालतात, एकेक मादी हजारांनी. तुमच्याकडची ही मेंदी केवढी माजलीय बघ. माळ्याला सांगून छाटून घे."

"काकू, मेंदी तुमची आहे."

"माझी? मुळं माझ्याकडे असतील. वाढलीय तुझ्याच बाजूला!"