आमचे पानिपतकर

आमच्या शेजारच्या आजोबांनी पहिल्याच भेटीत मला विचारलं, "गाड्यांतलं काही कळतं का तुला?" मी प्रामाणिकपणे 'नाही' म्हणालो आणि तिथेच फसलो. 'कळतं' म्हणालो असतो तर त्यांनी दोन प्रश्न विचारून मला नापास केलं असतं आणि सोडून दिलं असतं. 'नाही' म्हटल्यावर त्यांनी मला शिकवायला घेतलं. त्याला आता अकरा वर्षं झाली.

आमचं गाव साऊथ बेंड. इंडियाना राज्याच्या उत्तर टोकाला, सेंट जोसेफ नदीच्या वळणावर वसलेलं. जगाला ते नोत्र दाम विद्यापीठामुळे माहीत. विद्यापीठ १८४२ चं. पण आजोबांना विचाराल तर त्यापुढची दहा वर्षं गावाने नुसती वाट पाहण्यात काढली. १८५२ साली हेन्री आणि क्लेमंट स्टुडबेकर या दोघा भावांनी अडुसष्ट डॉलर भांडवलावर इथे लोहारकीचं दुकान टाकलं. तिथे इतिहास सुरू होतो. मार्च १९६६ मध्ये शेवटची स्टुडबेकर गाडी कारखान्याबाहेर पडली, तिथे तो संपतो. त्यानंतर जे काही चाललंय ते नुसतं हवामान.

बंद पडलेल्या कंपनीची गाडी बाळगणारी ही एक स्वतंत्र जात आहे. अमेरिकेत तिच्या पोटजाती पुष्कळ: पॅकार्डवाले, हडसनवाले, अलीकडे ओल्ड्समोबिल आणि पाँटियाकचं सुतक धरलेले. पण त्यांत स्टुडबेकरवाला सगळ्यांत सोवळा. मराठी माणसाला ही जात ओळखायला वेळ लागत नाही. आपल्याकडे चार माणसं चहाला बसली की पाचव्या मिनिटाला विश्वासरावांना गोळी लागते, आणि 'ती लागली नसती तर' या विषयावर दुसरा चहा येतो. आमच्या आजोबांच्या गॅरेजात हेच चालतं, फक्त चहाच्या जागी पाणीदार अमेरिकन कॉफी. म्हणून घरात आम्ही त्यांना 'पानिपतकर' म्हणतो. मुलांना तर ते त्यांचं खरं आडनाव वाटतं.

पानिपतकरांची गाडी म्हणजे १९५० ची चॅम्पियन, स्टारलाइट कूपे. नाकाच्या जागी विमानाच्या नाकासारखा गोल क्रोमचा शंकू, आणि मागे चार तुकड्यांची, अर्धवर्तुळात वळलेली काच. पुढच्या काचेइतकीच मागची ऐसपैस असल्याने 'ही गाडी येतेय की जातेय?' हा विनोद त्या काळी अमेरिकाभर चालला होता. तो अजून चालतो. पेट्रोल पंपावर प्रत्येक माणसाला तो आपल्यालाच पहिल्यांदा सुचला असं वाटतं. पानिपतकर दर वेळी खळखळून हसतात, टाकी भरतात आणि गाडीत बसल्यावर मला सांगतात, "या महिन्यातला सहावा."

मात्र या गाडीचं रूप मुळात कोणाच्या हातचं, असं चुकूनही विचारू नये. बिल रेमंड लोवीच्या स्टुडिओच्या नावाने फाटलं. पण १९४७ च्या ज्या आराखड्यावरून ही सगळी घराणी निघाली, तो लोवीकडेच नोकरीला असलेल्या व्हर्जिल एक्सनरने घरी बसून, कंपनीच्या मुख्य इंजिनिअरच्या आतल्या पाठिंब्यावर काढला. लोवीने त्याला काढून टाकलं, कंपनीने त्याच दिवशी आपल्याकडे ठेवून घेतलं असं पानिपतकर सांगतात. यातला 'ध' कोणाचा आणि 'मा' कोणी केला, यावर या मंडळींच्या मेळाव्यात घडीच्या खुर्च्या सरकवून दोन तट पडलेले मी पाहिलेत.

त्यांची गाडी सुरू करणं हा एक विधी आहे. चावी फिरवायची, पण चावीने काही होत नाही. डाव्या पायाने क्लच पार जमिनीला टेकेपर्यंत दाबायचा, कारण स्टार्टरचं बटण क्लचच्या पेडलखाली आहे. पहिल्यांदा मी बसलो तेव्हा पाच मिनिटं डॅशबोर्डवर बोटं फिरवत होतो आणि पानिपतकर शेजारी बसून, नातवाला कोडं घातल्यासारखे, ओठ दाबून हसत होते. हीटर पुढच्या सीटखाली आहे, त्यामुळे जानेवारीत पोटऱ्या भाजतात आणि नाक गोठतं. बॅटरी सहा व्होल्टची, आणि तीही उलटी: पॉझिटिव्ह टोक बॉडीला जोडलेलं. एकदा ती मेली, तेव्हा गल्लीतला एक सज्जन तरुण जम्पर केबल घेऊन धावत आला. त्याला आडवे जाताना पानिपतकर ज्या वेगाने पळाले, तो वेग त्यांनी त्या गाडीत कधी गाठला असेल असं मला वाटत नाही.

गाडीचं सगळ्यांत मोठं वैभव म्हणजे 'हिल होल्डर'. १९३६ पासून स्टुडबेकरने दिलेली ही सोय. चढावर ब्रेक आणि क्लच दाबून मग ब्रेकवरून पाय काढला तरी गाडी मागे घसरत नाही; क्लच सोडायला लागलं की ब्रेक आपोआप सुटतो. कल्पना फक्कड आहे. अडचण एवढीच की आमचा हा सगळा मुलूख ताटासारखा सपाट. म्हणून घरी पाहुणा आला की त्याला आधी नदीकाठच्या एका रस्त्यावर नेलं जातं. तिथे बरा म्हणावा असा एक चढ आहे. पानिपतकर मधोमध गाडी उभी करतात, ब्रेकवरचा पाय उचलून हवेत दाखवतात आणि पाहुण्याच्या तोंडाकडे बघतात. गाडी हलत नाही. ती हलत नाही हेच बघायचं असतं. पाहुण्याला मात्र पुढे काहीतरी होईल असं वाटत राहतं. माझे सासरे पुण्याहून आले होते तेव्हा त्यांनी मिनिटभर वाट पाहून मला हळूच विचारलं, "बंद पडली का?"

मेळावा दूर कुठे असला की मिरवणूक निघते. पुढे चॅम्पियन, चाळीस मैलांच्या वेगाने. मागे आजीबाईंची अलीकडची, वातानुकूलित, चावीशिवाय सुरू होणारी गाडी. तिच्यात घडीच्या खुर्च्या, सँडविचचा डबा, पाण्याचे कॅन आणि टोचन करायची दोरी. चाळीस वर्षांच्या संसारात त्या चॅम्पियनमध्ये लग्नाच्या एका वाढदिवसापुरत्याच बसल्या, असं त्या स्वतः सांगतात. "त्या दिवशी मागून यायला कोणी नव्हतं," हेही सांगतात. काय झालं ते सांगत नाहीत. पानिपतकर म्हणतात, पेट्रोलचा काटा त्यांनी स्वतः दुरुस्त केला होता आणि काट्यावर विश्वास ठेवणं हा गुन्हा नाही.

इतिहासात मात्र त्यांचा काटा कधी चुकत नाही. तिसरा भाऊ जॉन सोन्याच्या आशेने कॅलिफोर्नियात प्लेसरव्हिलला गेला, आणि सोनं खणायचं सोडून खणणाऱ्यांना एकचाकी हातगाड्या करून विकत बसला. १८५८ मध्ये आठ हजार डॉलर घेऊन परतला आणि तो पैसा त्याने भावांच्या धंद्यात ओतला. यादवी युद्धात सैन्याला गाड्या पुरवल्या. १९०२ मध्ये पहिली मोटार काढली ती विजेवरची. "विजेवरची!" हे पानिपतकर आजची एखादी विजेची गाडी आवाज न करता शेजारून गेली की खिडकीतून ओरडून सांगतात. दुसऱ्या महायुद्धात लाखाहून जास्त स्टुडबेकर ट्रक रशियाला गेले आणि त्यांच्या पाठीवर कात्युशा रॉकेटं चढली. गावातल्या संग्रहालयात लिंकन त्या शेवटच्या रात्री नाटकाला ज्या बग्गीतून गेला ती बग्गी आहे. ती स्टुडबेकरने बनवलेली नाही, क्लेमंटने नंतर विकत घेतलेली. पण तिच्यासमोर उभे राहून पानिपतकर ज्या सुरात बोलतात, त्यावरून लिंकनची निवड फसली ती नाटकाच्या बाबतीत, गाडीच्या नव्हे, असं ऐकणाऱ्याला वाटावं.

आणि मग जर-तर. १९५३ मध्ये लोक सेडान घेतील असा हिशेब करून कंपनीने सेडान भरमसाट काढल्या, आणि लोक त्या देखण्या कूपेवर भाळले. कूपे पुरेशा नव्हत्या. "कूपे आधी काढल्या असत्या तर!" १९५४ मध्ये पॅकार्डशी घरोबा झाला. पॅकार्डवाल्यांनी स्टुडबेकरच्या वह्या नीट चाळल्याच नाहीत. लग्न लागल्यावर कळलं की मुलाच्या डोक्यावर कर्ज आहे आणि मुलीची तब्येतही तितपतच. १९६२ ची अवांती, फायबरग्लासची, आजही कालची वाटणार नाही अशी. तर तिच्या बॉडी वेळेवर आल्या नाहीत आणि आल्या त्या नीट बसेनात. "बॉडी वेळेवर आल्या असत्या तर!" मी एकदा हिंमत करून विचारलं, "आणि वॅगनेअर?" ही १९६३ ची स्टेशनवॅगन. तिचं मागचं छप्पर पुढे सरकवता येई, म्हणजे फ्रीज उभा नेता येई. पावसात ते छप्पर गळायचं, हे जगजाहीर आहे. पानिपतकर थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "फ्रीज कोरडा राहील असं कंपनीने कुठे म्हटलं होतं?"

जिवंत कंपनीचा ग्राहक चिडतो, भांडतो, पत्रं लिहितो. माझी जपानी गाडी आहे. तिचा आवाज बदलला की मी लगेच कोणावर तरी रागावायला लागतो. पानिपतकरांची ती सोयच राहिलेली नाही. गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात, तेच त्यांनी कंपनीला लावलंय. गाडी अडली तर दोष पेट्रोलचा, हवेचा, माझ्या बसण्याचा. पार्ट मिळण्याची मात्र ददात नाही. कारखाना बंद झाला तेव्हा गोदामं भरलेली होती, आणि तो माल पुढे कित्येक वर्षं याच गावात विकला गेला. मूळ खोक्यातला, कधी न वापरलेला जुना पार्ट हे या लोकांचं कुळातलं सोनं. त्यांच्याकडे दाराची एक मूठ आहे, पिवळ्या पडलेल्या कागदात गुंडाळलेली. गाडीची उजवी मूठ झिजून हलते. ही का लावत नाही, असं मी विचारलं. "लावली तर ती नवीन कशी राहील?" या प्रश्नाला माझ्याकडे अजून उत्तर नाही. आमच्या आईच्या कपाटातल्या पैठणीकडेही नव्हतं.

९ डिसेंबर १९६३ हा त्यांचा १४ जानेवारी. केनेडी जाऊन सतरा दिवस झाले होते, आणि नाताळ तोंडावर असताना कंपनीने साऊथ बेंडचा कारखाना बंद करत असल्याचं जाहीर केलं. २० तारखेला इथली शेवटची गाडी निघाली. पुढे दोन-सव्वादोन वर्षं कॅनडात हॅमिल्टनला काम चाललं, पण इथे त्या काळाबद्दल उत्तर पेशवाईबद्दल बोलावं तसं बोलतात. पेन्शनच्या फंडात पैसे पुरेसे नव्हते. साठीच्या वरच्यांना पूर्ण मिळाले. चाळीस ते साठमधल्या सुमारे चार हजार माणसांच्या हातात हक्काच्या डॉलरमागे पंधरा सेंटच्या आसपास पडले. कामगारांच्या पेन्शनला संरक्षण देणारा जो कायदा अमेरिकेने १९७४ मध्ये केला, त्यामागे या गावाचं हे उदाहरण होतं. पानिपतकर हे सगळं आकड्यांनिशी सांगू शकतात, पण या प्रकरणात 'जर-तर' कधी म्हणत नाहीत. गॅरेजात, हत्यारांच्या वरच्या खुंटीवर, एक पत्र्याचा जेवणाचा डबा टांगलेला आहे, चेपलेला, झाकणावरचा रंग गेलेला. बाकी प्रत्येक वस्तूची वंशावळ त्यांनी मला ऐकवली आहे. त्या डब्याची नाही. मीही विचारलेलं नाही.

गेल्या ऑक्टोबरात ते मला गावाच्या पश्चिमेला एका जंगलात घेऊन गेले. तिथे कंपनीचं गाड्या तपासायचं मैदान होतं. आता काउंटीची बाग आहे. १९३७ च्या सुमारास कंपनीने तिथे हजारो पाइनची झाडं अशी लावली की विमानातून बघितल्यावर अर्धा मैल लांबीची अक्षरं दिसावीत: स्टुडबेकर. जमिनीवरून अर्थातच झाडं दिसतात. आम्ही अर्धा तास चाललो. पायाखाली पाइनच्या सुयांचा मऊ थर. पानिपतकर पुढे, हातात काठी, मध्येच थांबून वर बघायचे आणि दिशेचा अंदाज घ्यायचे.

"आता आपण 'बी'मध्ये आहोत," ते म्हणाले.

मी आजूबाजूला पाहिलं. झाडं.

"पोटात की दांडीत?" मी विचारलं.

त्यांना हा प्रश्न मनापासून आवडला. त्यांनी काठीने झाडांची रांग मोजली, चार पावलं मागे आले, दोन डावीकडे गेले आणि म्हणाले, "खालच्या पोटात." मग तिथेच एका ओंडक्यावर बसले. दूरवरून गाडीच्या हॉर्नचा आवाज आला. आजीबाई पार्किंगमध्ये दोन्ही गाड्यांची राखण करत होत्या.

"सँडविच आलेत वाटतं," पानिपतकर म्हणाले, पण उठले नाहीत. "अजून 'ए', 'के', 'ई' आणि 'आर' बाकी आहे."