रा. रा. एसएमबी-वनराव, आता मुक्काम हलवा

रा. रा. एसएमबी-वनराव यांस,


पत्रास कारण की, आपण महागावातून अजून गेलेलेच नाहीत हे परवा कळलं. पत्ता शोधायला त्रास झाला नाही. आमच्या यवतमाळ जिल्ह्याचे पिनकोड ४४५ने सुरू होतात आणि आपणही विंडोज २०००च्या काळापासून पोर्ट ४४५वरच बसून आहात. इतकी गाठ जुळल्यावर आपण इथून सहजासहजी हलाल कशाला?

पत्र खुलं असल्यामुळे वाचणाऱ्यांना आपली ओळख करून देणं भाग आहे. एका संगणकावरची फाइल दुसऱ्या संगणकावरून उघडायची, तर दोघांना बोलायला एक भाषा लागते. विंडोजच्या जगात ती सर्व्हर मेसेज ब्लॉक, म्हणजे एसएमबी, आणि आपण तिची पहिली आवृत्ती. आयबीएममधल्या बॅरी फायगेनबॉम यांनी १९८३च्या सुमारास आपल्याला जन्म दिला, पुढे मायक्रोसॉफ्टनं आपल्याला वाढवलं. तेव्हा एका खोलीत मोजके संगणक असायचे आणि त्यांच्यावर बसणारी माणसं एकमेकांना ओळखायची. त्यामुळे दारावर कोण आलंय हे विचारायची सवय आपल्याला कधी नीट लागलीच नाही. या भोळेपणाला आम्ही महागावकर ‘सोपं सेटिंग’ म्हणतो.

आता आपल्या ताज्या पराक्रमाकडे येतो. बसस्टँडच्या रस्त्यावरचं एक कार्यालय आहे, नाव कशाला घ्यायचं! तिथे जुना डबा काढून नवा सर्व्हर बसवला. दुसऱ्या दिवशी सकाळी झेरॉक्स मशीन स्कॅन करेना, हिशेबनीसाची टॅली उघडेना, ‘नेटवर्क’ची खिडकी उघडली तर आत एकही संगणक दिसेना. सगळ्यांनी एका सुरात निकाल दिला, “सर्व्हर डाऊन हाय भाऊ.” सातबाऱ्यापासून बँकेच्या पासबुकापर्यंत हे दोन शब्द इथे इतके ऐकून झालेत की त्यापुढे कुणी काही विचारत नाही. खरं म्हणजे सर्व्हर ठणठणीत उभा होता. आपण कोण, एवढंच तो विचारत होता, आणि उत्तर द्यायची सवय कुणालाच नव्हती.

मग एक हुशार पोरगा आला. मोबाइलवर व्हिडिओ पाहिला, कंट्रोल पॅनलमध्ये जाऊन ‘एसएमबी १.०’समोर टिकमार्क केला, सर्व्हरवरही तेच केलं, फोल्डर ‘एव्हरीवन’ला ‘फुल कंट्रोल’ देऊन मोकळं सोडलं, पासवर्डची अट काढून टाकली. मशीन घरघरलं, स्कॅन आला, चहा आला. दहा-बारा वर्षांची हिशेबाची वही चौकात नेऊन ठेवली म्हणून पोराची वाहवा झाली आणि आपलं पुनरागमन झालं. अभिनंदन!

आपली कीर्ती महागावापुरती नाही, हे सांगायला हवं. मायक्रोसॉफ्टमध्ये एसएमबीचं काम पाहणारे नेड पाइल यांनी सप्टेंबर २०१६मध्ये जाहीर लिहिलं, की एसएमबी-वन वापरणं थांबवा. आपल्याच मालकाच्या घरातून आलेली ही सूचना आपण मनावर घेतली नाही. १४ मार्च २०१७ला आपल्यातल्या भोकाची दुरुस्ती आली, एप्रिलमध्ये अमेरिकेच्या एनएसए या गुप्तचर संस्थेचं ‘इटर्नलब्लू’ हे हत्यार चोरट्यांनी जगासमोर टाकलं आणि १२ मेला त्याच भोकातून ‘वॉनाक्राय’ हा खंडणीखोर प्रोग्राम शिरला. दीडशेहून अधिक देशांतल्या संगणकांवर तीनशे डॉलरची खंडणी मागणारी लाल खिडकी उघडली. दुरुस्ती दोन महिने आधीच येऊन पडली होती. ती बसवायला मात्र वेळ कुणाला होता?

२७ जून २०१७ला त्याच भोकातून पसरणारा ‘नॉटपेट्या’ आला आणि आपण महाराष्ट्रातही नाव काढलंत. न्हावाशेवा बंदरातलं मर्स्क या जहाजकंपनीच्या समूहाचं जीटीआय टर्मिनल बंद पडलं. आमच्याकडच्या कापसाच्या गाठी परदेशी निघाल्या की बऱ्याचदा याच बंदराची वाट धरतात, म्हणून इथल्या माणसालाही त्या बातमीचं काही वाटावं. मर्स्कला पुढे दहा दिवसांत सुमारे चार हजार सर्व्हर आणि पंचेचाळीस हजार संगणक नव्यानं उभे करावे लागले, असं त्यांच्या अध्यक्षांनीच सांगितलं. न्यायानं बोलायचं तर सगळं पाप आपलं एकट्याचं नव्हतं. नॉटपेट्या संगणकाच्या मेमरीतून पासवर्डही चोरायचा आणि त्या जोरावर दुरुस्ती बसवलेल्या यंत्रांतही घुसायचा. पण एकदा घरात शिरल्यावर खोलीखोलीत पसरायला मोकळी खिडकी दाखवणाऱ्यांत आपण होतात.

आपल्याला वाटेल, मी नसतो तर यांचं काम कसं चालणार? चालतं, वनराव. त्या कार्यालयात शेवटी कसं चाललं तेही ऐका.

आधी सर्व्हरचा इव्हेंट व्ह्यूअर उघडला. सिक्युरिटीच्या नोंदींत ४६२५ हा क्रमांक म्हणजे फसलेलं लॉगिन, आणि त्याच्या आत ‘सब स्टेटस’मध्ये खरं कारण लिहिलेलं असतं. पडद्यावर ‘नाव किंवा पासवर्ड चुकीचा’ असं गुळमुळीत उत्तर येतं, इथे मात्र सरळ सांगितलेलं असतं. आकडा ६४वर संपला तर त्या नावाचं खातंच नाही. ६एवर संपला तर नाव बरोबर, पासवर्ड चुकीचा. २३४ म्हणजे खातं कुलूपबंद, ७१ म्हणजे पासवर्डची मुदत संपलेली. १३३ दिसला तर पासवर्डला हात लावू नये, घड्याळ पाहावं: डोमेनमध्ये ओळख तपासणारा केर्बेरॉस पाच मिनिटांपेक्षा जास्त फरक खपवून घेत नाही. लाइट जाते, मदरबोर्डवरची नाण्याएवढी बॅटरी मेलेली असते, संगणक जुन्या सालात उठतो आणि बिचाऱ्या कारकुनाला वाटतं आपण पासवर्ड विसरलो.

हिशेबनीसाची अडचण वेगळीच निघाली. त्याच्या संगणकानं जुन्या सर्व्हरचा पासवर्ड ‘क्रेडेन्शियल मॅनेजर’मध्ये जपून ठेवला होता आणि तोच नव्याला चिकाटीनं देत होता. तो पुसला. मग १२१९ क्रमांकाची चूक आली, कारण एकाच सर्व्हरला तो एकाच वेळी दोन नावांनी भेटू पाहत होता. ‘नेट यूज’ची यादी पाहून जुनी जोडणी तोडली. तरी ‘प्रवेश नाकारला’ हटेना. शेअरवर त्याला परवानगी होती, फोल्डरच्या स्वतःच्या परवानग्यांच्या (एनटीएफएस) यादीत नव्हती, आणि दोन्हींत जी कडक असेल तीच चालते. त्याचं नाव तिथे घातलं, टॅली उघडली. या सगळ्यात आपली गरज कुठेच पडली नाही.

रिकामी ‘नेटवर्क’ खिडकी हा मात्र आपला खास वारसा. संगणकांची ती यादी बनवणारी जुनी सेवा आपल्याच आधारानं चालायची. आपण गेलात की यादी जाते, फोल्डर जात नाहीत. सर्व्हरचं नाव किंवा आयपी पत्ता थेट टाइप केला की दार उघडतं. यादी हवीच असेल तर ‘फंक्शन डिस्कव्हरी रिसोर्स पब्लिकेशन’ ही सेवा ऑटोमॅटिक करावी.

पासवर्डविना येणाऱ्या पाहुण्याबद्दलही दोन शब्द, कारण तो आपल्या काळातला लाडका माणूस. विंडोज सर्व्हर २०१९नं त्याला दारातच अडवलं. विंडोज ११ची २४एच२ आवृत्ती तर प्रत्येक जोडणीवर सही मागते, आणि पाहुण्याला सही करता येत नाही. त्यामुळे गावातले बिनपासवर्डचे स्टोरेज डबे एकाएकी ‘बिघडले’. त्यांवर नाव-पासवर्डाचं खातं काढलं की बहुतेक सुधारतात. आमच्याकडे मात्र सही मागणारा वाईट आणि न मागणारा चांगला, हा निकष अजून पक्का आहे.

उरलं झेरॉक्स मशीन. आपला शेवटचा आणि निष्ठावंत अनुयायी. त्याचं फर्मवेअर अद्ययावत केल्यावर त्याला एसएमबी-टू बोलता आलं तर उत्तम, नाहीतर त्यानं स्कॅन ईमेलनं पाठवावेत. एका मशीनसाठी सगळ्या कार्यालयानं आपल्याला पोसावं, हा हिशेब पतसंस्थेच्या सभेतसुद्धा मंजूर होणार नाही.

२०१७च्या शेवटी विंडोज १०नं आपल्याला नव्या यंत्रांतून वगळायला सुरुवात केली, आणि घरगुती यंत्रात आपण असलात तरी पंधरा दिवस कुणी हाक मारली नाही की विंडोज आपल्याला स्वतःच काढून टाकते. माणसाचं तेरावं होतं, आपलं पंधरावं ठरलेलं आहे. महागावात ते रखडलंय, कारण तारीख जवळ आली की कुणीतरी स्कॅन काढतो.

म्हणून आता आपली वाट न बघता कामाला लागलोय. सर्व्हरवर एसएमबी-वनचं ‘ऑडिट’ चालू केलं आहे. कोणतं यंत्र अजून आपल्याशी बोलतं, त्याचा पत्ता ३००० क्रमांकाच्या नोंदीत येतो. यादी रिकामी झाली की टिकमार्क निघेल. महागाव, उमरखेड, पुसद, आर्णी इथल्या ज्यांच्याकडे सर्व्हर आहे त्यांनीही ही नोंद आजच चालू करावी, आणि व्हिडिओ पाहून ‘एसएमबी १.०’ चालू करायला निघालेल्या हुशार पोराला चहा पाजून परत पाठवावं.

आपला नव्हे,
महागावातला एक संगणकवाला