फोरमनसाहेबांचं वंगण

फोरमनसाहेब पायरी चढताना दिसले की मी आधी चष्मा पुसून घेतो. साधी खोकल्याची बाटली घेतली तरी ते ती उजेडात धरतात, बॅच नंबर बघतात, एक्स्पायरी बघतात, झाकणाची पट्टी तुटलेली नाही ना ते बघतात आणि मग 'घटक' मोठ्याने वाचायला घेतात. तोपर्यंत मागच्या गिऱ्हाइकाचा खोकला बरा झालेला असतो.

वय पन्नास. एका सरकारी वर्कशॉपात गाड्यांच्या देखभालीवर फोरमन. वंगण हा त्यांचा धर्म. कुठे ग्रीस, कुठे ऑइल, कितव्या नंबरचं, किती किलोमीटरला बदलायचं, हे ते झोपेतही सांगतील. ज्याला ग्रीस आणि ऑइल यातला फरक कळत नाही त्याला मुलगी देऊ नये, असं त्यांचं स्पष्ट मत आहे. आणि जीपची गोष्ट तर माझ्या दुकानात चाळीसदा तरी झाली असेल. कुण्या नवशिक्या हेल्परने जीपच्या ब्रेकमध्ये ब्रेक ऑइलऐवजी इंजिन ऑइल ओतलं. आतली रबरं फुगली, ब्रेक गेले, जीप कंपाउंडच्या भिंतीत. "रबराला तेल कुठलं चालतं ते आधी विचारायचं, शेठ! मग हात लावायचा." इथे ते काउंटरवर बोट आपटतात आणि खोकल्याच्या गोळ्यांची बरणी हलते.

असा हा माणूस महिन्यातून एकदा मात्र वेगळाच होऊन येतो. गर्दी ओसरेपर्यंत भिंतीवरचा 'गरोदर मातांचा आहार' हा तक्ता वाचत उभा राहतो. मग इनोच्या दोन पुड्या मागतो आणि छताकडे बघत म्हणतो, "आणि ते एक... नेहमीचं." ना बॅच नंबर, ना तारीख. पाकीट लाच घ्यावी तसं खिशात. र. धों. कर्व्यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं १९२१ साली. 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवलं, त्यापायी कोर्टाच्या पायऱ्या झिजवल्या. शंभर वर्षं उलटली, माझ्या दुकानातून ते पाकीट अजून वर्तमानपत्रात गुंडाळूनच जातं. वर दोरा.

मागच्या महिन्यात एका मंगळवारी साहेब आले ते नव्या चपला चावत असल्यासारखे चालत.

"शेठ, ती तीन औषधांची ट्यूब द्या. घामोळ्याची."

"घामोळं कुठे आलंय?"

त्यांनी पंख्याकडे पाहिलं. "एकूणच."

ती ट्यूब मी ओळखून आहे. बुरशीचं औषध, जंतूंचं औषध आणि वर स्टेरॉइड. दोन दिवस गार वाटतं, माणूस खूश. मग नाजूक जागची कातडी पातळ होते आणि नायटा असला तर जोमाने पसरतो. म्हणून तर २०१८ पासून असली स्टेरॉइडची मलमं चिठ्ठीवाचून द्यायची नाहीत असा नियम आहे. (पाळतात किती, ते आमचे धंदेबंधू जाणोत.) मी म्हटलं, "ट्यूब नाही. आधी काय लावलं होतंत ते सांगा."

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. घरी 'जरा हवामान बदललंय'. वहिनींचं वय सेहेचाळीस. त्या वयात शरीरातलं इस्ट्रोजेन घटू लागतं, कोरडेपणा येतो, हे काही फोरमनसाहेबांना वर्कशॉपात कुणी शिकवलं नव्हतं. त्यांनी आपल्या परीने उपाय केला. आधी लाकडी घाण्याचं खोबरेल. थंडी पडल्यावर पेट्रोलियम जेली. आणि गेल्या शनिवारी लाइट गेली असताना, अंधारात, कपाटातली चुकीची बाटली.

"कसली?"

"डोक्याचं तेल. थंडवालं."

"मेंथॉल? कापूर?"

त्यांनी डोळे मिटले. आतल्या खोलीत औषधं लावणाऱ्या पोऱ्याचा बाटल्यांचा आवाज थांबला.

"बरं, आणि त्यावर ते नेहमीचं?"

"अर्थात."

"फोरमनसाहेब," मी हळूच म्हटलं, "जीप."

क्षणभर काही नाही. मग चेहरा उतरत गेला. "ते रबर कसलं असतं?"

"लेटेक्स. झाडाच्या चिकाचं."

"म्हणजे नॅचरल! आणि खोबरेल?"

"तेलच की. जेलीसुद्धा खनिज तेलातलीच. काही मिनिटांत रबर कमजोर होतं."

ते स्टुलावर बसले. "म्हणजे सहा महिने मी ब्रेक फेल गाडी चालवतोय?"

पण खरा फोरमन फार वेळ बसत नाही. पाचव्या मिनिटाला काउंटरवर माझ्याकडच्या वंगणाच्या चारही ट्यूबा रांगेत उभ्या होत्या. पाण्यातली आणि सिलिकॉनची, दोन्ही रबराला चालतात, म्हटल्यावर मान डोलली. सिलिकॉन ग्रीस त्यांच्या ओळखीचं. ते जास्त टिकतं, पण नुसत्या पाण्याने निघत नाही. "मग पाण्यातलंच. ग्रेड काय?"

ग्रेड म्हणजे काय सांगावं? मी लोणच्याची कैरी आठवायला सांगितली. मीठ लावलं की फोडी पाणी सोडतात. ट्यूबमध्ये ग्लिसरीन, प्रॉपिलीन ग्लायकॉल फार असलं की ते नाजूक त्वचेतलं पाणी असंच ओढून घेतं. जागतिक आरोग्य संघटनेने २०१२ मध्ये याचा आकडा सांगितलाय: ३८० च्या आत उत्तम, तूर्त १२०० च्या वर तर नकोच.

"मग इथे का नाही छापलाय आकडा?" साहेबांनी ट्यूब हलवून विचारलं. इंजिन ऑइलच्या डब्यावर सगळं असतं आणि माणसाच्या ट्यूबवर नाही, याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. घटकांच्या यादीत ग्लिसरीन जितकं मागे तितकं बरं, एवढंच सांगू शकलो. शिवाय सुगंधी नको, गरम-गार वाटणारं नको, बधिर करणारं तर नकोच. दुखतंय हेच कळलं नाही तर थांबणार कसे? आधी कोपराच्या आतल्या बाजूला थेंबभर लावून एक दिवस बघा. आणि आत्ताची आग थांबेपर्यंत सगळंच बंद, साबण, डेटॉलसुद्धा. फक्त कोमट पाणी. चार दिवसांत उतरलं नाही तर त्वचेच्या डॉक्टरांकडे. पुढेमागे पुन्हा पुन्हा लाली आली, चिरा पडल्या तर रक्तातली साखरही तपासून घ्या. मधुमेह कधीकधी पहिल्यांदा तिथेच सापडतो.

यातलं अर्धं त्यांनी ऐकलं असेल. कारण ट्यूब उजेडात गेली होती, बॅच नंबर झाला होता, एक्स्पायरी झाली होती आणि 'घटक' सुरू झाले होते. नेहमीच्या, वर्कशॉपाच्या आवाजात.

"पहिलं पाणी! ठीक. दुसरं... शेठ, हे ग्लिसरीन दुसऱ्या नंबरावर आहे, ही बाद!"

दुकानात तोवर तिघे जण जमले होते. तिघेही गरोदर मातांचा आहार वाचत होते. कुणी पान उलटावं तसं एकाने मान न वळवता विचारलं, "काका, त्या निळ्यात किती नंबरला आहे?"

"पाचव्या!" फोरमनसाहेब गरजले. "आणि ऐका, ते नेहमीचं पाकीट पैशाच्या पाकिटात ठेवायचं नाही. अंगाच्या उष्णतेने रबर खराब होतं!"

तिघांचेही हात एकदम मागच्या खिशावर गेले.