कृपया आहेर आणू नये

मला अजून कुणी डिजिटल अटक केलेली नाही. आमच्या मजल्यावरच्या निवृत्त साहेबांना थेट ‘सीबीआय’चा व्हिडिओ कॉल. खांद्यावर तारे, मागच्या भिंतीवर बोधचिन्ह, सगळं साग्रसंगीत. आणि मला? ‘आपले मागील वीजबिल अपडेट नाही, आज रात्री 9.30 वाजता पुरवठा खंडित होईल.’ ठकांच्या दरबारातही माणसाची पायरी ठरलेली असते आणि माझी मीटरच्या पेटीपाशी आहे.

तयारी म्हणाल तर जय्यत आहे. डिजिटल अटक हा प्रकार कायद्यात कुठेच नाही, पोलीस व्हिडिओ कॉलवर बेड्या घालत नाहीत, पैसे घ्यायला यूपीआयचा पिन लागत नाही, ही वाक्यं मी दाढी करताना घोटून ठेवली आहेत. 2025च्या जूनमध्ये अमिताभ बच्चन यांच्या आवाजातली ती सावधगिरीची कॉलर ट्यून बंद झाली, तेव्हा सगळा देश सुटलो म्हणाला. मला मात्र एक जागा रिकामी झालेली दिसली. घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मी ती ताबडतोब भरली. माझा आवाज तेवढा खर्जातला नाही, पण चिकाटी तीच. पुतण्यांनी ग्रुप म्यूट केलाय, असं ऐकतो.

तरी सांगलीची मावशी मला मानते.

“अरे, पत्रिका आलीय मोबाइलवर. उघडतच नाही बघ.”

“नावाच्या शेवटी काय लिहिलंय?”

“एपीके.”

“हात लावू नकोस! ते अ‍ॅप आहे. एकदा आत घेतलंस आणि विचारेल त्याला हो म्हणालीस, की तुझे मेसेज वाचणार, बँकेचा ओटीपीसुद्धा.”

“बरं. पण लग्न कुणाचं आहे?”

“कुणाचंच नाही, मावशी.”

“मग गेलं नाही तर वाईट नाही ना दिसणार?”

या ठकांनी सगळं सोडून लग्नपत्रिकेला हात घालावा, याचा मला खरा राग आहे. मराठी पत्रिका म्हणजे काय चीज आहे! वर कुलदैवतांची रांग, मग चि. आणि चि. सौ. कां., मग कै. आजोबांचे नातू, मग आपले नम्र, निमंत्रक, प्रेषक, व्यवस्थापक आणि एवढं करून कुणी उरलंच तर ‘समस्त परिवार’. गावाकडे आमदारापासून दूध सोसायटीच्या चेअरमनपर्यंत सगळे प्रमुख उपस्थितीत. कोपऱ्यात एखादं दीड वर्षाचं पोर ‘माज्या काकाच्या लग्नाला यायचं हं’ म्हणत असतं. त्याला अजून पाणीसुद्धा नीट मागता येत नाही, पण आग्रह करता येतो. आणि इतकी नावं छापूनही एका आत्याचे यजमान राहतातच. मग ते लग्नात पंगतीला बसत नाहीत. मांडवाच्या खांबाला टेकून उभे राहतात, जिलबी नको म्हणतात आणि आपण नको म्हटलेलं सगळ्यांनी पाहिलं ना, याची खात्री करून मगच एक घेतात. जिच्यावरून कुणी रुसलेलं नाही ती पत्रिका खोटी, अशी माझी कसोटी आहे. एपीकेवाल्याकडे ना कुलदैवत, ना रुसायला आत्या. ‘कृपया आहेर आणू नये’ एवढं मात्र त्यानं बिनधास्त छापावं. आणायचा प्रश्नच नाही, तो परस्पर बँकेतूनच घेतो.

लिंकसुद्धा पत्रिकेसारखीच वाचावी. वरचे देव पाहून हात जोडायचे नाहीत, कार्य कुणाचं ते बघायचं. पत्त्याच्या सुरुवातीच्या दोन तिरक्या रेघा सोडून पुढची रेघ शोधा. तिच्या लगेच डावीकडे जे नाव संपतं, तो यजमान. त्याच्याही आधी बँकेचं नाव कुणीही लिहू शकतं. कुलपाच्या चिन्हावरही जाऊ नका. वाटेत कुणी डोकावत नाही एवढंच ते सांगतं, पलीकडे कोण बसलाय ते नाही. रिझर्व्ह बँकेनं बँकांना आपले पत्ते ‘डॉट बँक डॉट इन’वर न्यायला ऑक्टोबर 2025 अखेरची मुदत दिली होती, ती याचसाठी. निदान शेपूट तरी ओळखता यावं.

मघाच्या साहेबांचं सांगायचं राहिलं. त्यांचे पैसे गेले. खोली बंद करा, कॅमेरा चालू ठेवा, बायकोशीही बोलू नका, असा हुकूम होता. ओटीपीच्या आधी या लोकांना तुमचं एकटेपण हवं असतं. दुधाची पिशवी दुपारपर्यंत त्यांच्या दाराच्या कडीला लटकत होती. जाता-येता आम्ही सगळ्यांनी ती पाहिली. बेल कुणी वाजवली नाही. आणि बातमी फुटल्यावर खालच्या बाकड्यावर पहिला प्रश्न काय, तर “एवढे शिकलेले, आणि फसले कसे?” आयुष्यभर सरकारी कागदाला घाबरून चोख वागलेला माणूस सरकारी शिक्का दाखवला की घाबरतोच. त्यात शिक्षण कुठे आडवं येतं? त्यांनी मुलाला कळवायला उशीर केला तो पैशाच्या दुःखानं नव्हे, या बाकड्याच्या धास्तीनं. तेवढ्या वेळात पैसे खात्याखात्यांतून फिरत पुढे गेले.

पैसे गेल्याचं कळलं की लगेच 1930 लावा. हा सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा राष्ट्रीय नंबर आहे. पैसे वाटेतल्या खात्यात असतील तर तिथे अडवता येतात, म्हणून जितक्या लवकर कराल तितकं बरं. लाज वाटत असेल तर ती फोन झाल्यावर सवडीनं वाटू द्या. आणि शेजारच्या दाराला दूध लटकलेलं दिसलं, तर बेल वाजवा.