जा म्हणू की या?

माझ्या फजितीला मॉरिस फ्रीडमन जबाबदार आहे. वॉर्साचा हा इंजिनिअर इथे येतो काय, औंध संस्थानच्या प्रजेच्या हाती राज्य सोपवायच्या मसुद्याला हात लावतो काय आणि खेतवाडीतल्या विडीच्या दुकानवाल्या निसर्गदत्त महाराजांचं मराठी बोलणं टेपवरून इंग्रजीत नेतो काय! १९७३ साली 'आय ॲम दॅट' निघालं आणि जगभर गेलं. पोलंडच्या माणसाला मराठीतला 'मी' इंग्रजीत नेता येतो, तर बोरिवलीकराला पोलिशमधला का येऊ नये? फ्रीडमनना मराठी येत होतं, हे या हिशेबात धरायचं राहिलं.

"पोलिश येतं ना?" अनुवादाचं काम देणाऱ्या बाईंनी विचारलं. मी "तसं..." म्हणून थांबलो. पुढे 'नाही' म्हणणार, तोच त्यांनी मानधनाचा आकडा सांगितला.

मजकूर दुभंगलेल्या मनाचा. पोलिशमध्ये 'मी' लिहायला दोनच अक्षरं, जे आणि ए. दिसायला 'जा', म्हणायला 'या'. दारातल्या पाहुण्याला एका दमात जा आणि या म्हणणारी भाषा दुभंगाबद्दल बोलणार नाही तर काय बटाटेवड्याबद्दल? पुढे 'रोझद्वोयेनिए याझ्नी'. त्यातल्या 'द्वो'त मला संस्कृतचा 'द्वौ' भेटला आणि दहावीच्या संस्कृतावर मला पोलिश येऊ लागलं. कोशात 'स्प्लिट पर्सनॅलिटी' सापडलं. तेच सगळीकडे ठोकलं.

नडले ते त्या मजकुरातले डोंब्रोव्स्की. हे पोलिश मनोविकारतज्ज्ञ म्हणतात, माणूस आतून मोडतो ते दर वेळी दुखणं नसतं. आहे तो मी आणि असायला हवा तो मी यांची जुंपते, त्यातूनच तो वरच्या पायरीला जातो. अशा पाच पायऱ्या. १९६४ साली त्यांचं पुस्तक इंग्रजीत आलं, त्यात यासाठी 'पॉझिटिव्ह डिसइंटिग्रेशन' हा शब्द आयता होता. मी तो बघितलाच नाही. वर चढू पाहणारा भला माणूस माझ्या इंग्रजीत डबल रोलमधला खलनायक झाला.

कागद लाल शाईने माखून परत आले. सकाळच्या फास्टमध्ये चौथ्या सीटवर एका मांडीवर लटकून मी दुरुस्त्या करत होतो. शेजारचे काका कांदिवलीपासून कागदात डोकावत होते.

"घरात कुणाला आहे हो हे?"

"घरात कुणाला नाही, मलाच निस्तरायचंय," मी म्हणालो. गर्दीत त्यांना 'मलाच' एवढंच ऐकू गेलं असावं. ते खिडकीकडे असे सरकले, की अंधेरीपासून चर्चगेटपर्यंत मी चौथ्या सीटवर मांडी घालून बसलो.